मुलीने काढलेली मान

शुक्रवारच्या सुट्टीत मी लेकीच्या तावडीत सापडले. ती चित्रकलेचा ऑनलाइन क्लास करते. इटलीतल्या जुन्या चित्रकारांनी येशूच्या आईची चित्रं कशी बदलली, हा त्या आठवड्याचा धडा होता. आधीचे लोक म्हणे एकमेकांचं बघून सोनेरी रंगावर तोच तो चेहरा गिरवत. मग काहींनी शेजारपाजारची खरी बाई समोर बसवली आणि दिसेल तशीच मेरीमाता काढली. आता तिलाही घरातल्याच कुणाला तरी समोर बसवायचं होतं.

"मेरीमाता व्हायचं मला काय मिळणार?" मी विचारलं.

"चाय," लेक म्हणाली. आमचं मराठी तिला कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं.

रियाधच्या या फ्लॅटचा पडदा आम्ही सहसा उघडत नाही, समोरच्या इमारतीतून सगळं दिसतं. त्या दुपारी तिने तो सरकवला. बाहेर धुळीचं वादळ येत होतं आणि पिवळट उजेड एकाच बाजूने पडत होता. तिने ओढणी माझ्या डोक्यावरून मागे सोडली, गळा मोकळा ठेवला. हलायचं नाही, बोलायचं नाही. दुसरी शिक्षा मला जास्त जड गेली.

तासाभराने चित्र पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. डोळ्यांखालची काळी वर्तुळं एक वेळ ठीक होती, पण गळ्याच्या उजव्या बाजूला तिने फुगीर सावली दिली होती.

"मान वाकडी काढलीस. खोड ते."

"जो दिखा वही बनाया, मम्मी."

"खोड म्हणते ना."

तिने रबर घेतलं. सावली गेली, आणि बरं वाटायच्या ऐवजी मी घाबरले. मी हॉस्पिटलात सोनोग्राफी करते, दिवसभर बायकांच्या गळ्यांवरून प्रोब फिरवून गाठी शोधते. माझा स्वतःचा गळा कामावर स्कार्फमध्ये आणि घरी घाईत असतो. बाथरूमची कडी लावून मी आरशासमोर आवंढा गिळून पाहिला. उजवीकडे एक गाठ वर सरकली, खाली आली.

शनिवारीही सुट्टीच होती. रविवारी ड्युटी सुरू व्हायच्या आधी बरोबरच्या केरळी टेक्निशियनला म्हटलं, जरा बघ. ती नेहमीसारखी नवऱ्याच्या तक्रारी सांगत होती. प्रोब उजवीकडे आला आणि तक्रार मध्येच थांबली. तिने मापं घेतली, पुन्हा घेतली. मग स्क्रीन हळूच स्वतःकडे वळवला.

"क्या है?" मी विचारलं.

"डॉक्टर बताएगा."

पेशंटला यापलीकडे काही सांगायची आम्हाला मुभा नाही. पण किरकोळ काही असलं की आम्ही दोघीही हे वाक्य हसून बोलतो, म्हणजे बाई निर्धास्त घरी जाते.

ती हसली नाही.