फाडलेला शेवट

सत्तरच्या दशकात खापरखेड्याच्या कॉलनीत नळावर रांग लागली, की मी बायकांना माझ्याकडच्या नव्या कादंबऱ्या सुचवायचे. शेवटी मुकाट्याने नवऱ्याकडे परतणाऱ्या नायिकांची मला चीड होती. तसली पुस्तकं मी कुणाला घेऊच द्यायचे नाही. शेजारणीला एकदा, नायिका घर सोडून जाते अशी कादंबरी दिली. आठवड्याने तिचा नवरा ती परत करायला आला. शेवटची पानं फाडलेली होती.

"बाकी पुस्तक चांगलं आहे, वहिनी," तो हसून म्हणाला. "शेवट मात्र तिले सांगू नका."

दुसऱ्या दिवशी ती नळावर आली नाही, म्हणून मी तिच्या घरी गेले. दाराला बाहेरून कुलूप होतं. आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता. मी कडी वाजवली, तसा आवाज थांबला.