वरून सोडलेल्या गोळ्या

हे सांगायचं मी टाळत आलो. निवृत्तीच्या दिवशी गळ्यात हार घालून रुग्णसेवेवर भाषण ठोकलं. त्यातही हे गाळलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सरकारी कुष्ठरोग पथकात मी नवा होतो. वाशिमहून सायकलनं अनसिंगला जायचो. तिथले रोगी बाजाराच्या दिवशी शाळेमागच्या लिंबाखाली रांगेत बसायचे. एका जमीनदाराला मात्र गोळ्या घरपोच. मागच्या दारानं. पोचवणारा मी.

पहिल्यांदा गेलो तेव्हा तो मागच्या ओसरीवर बसला होता. पाठीवर चट्टे, कानाच्या पाळ्या सुजलेल्या. मी पुडी पुढं केली.

"कोनाचा रे तू?"

बौद्ध आहे, म्हणालो.

"मंग तिथंच ठेव. त्या दगडावर."

ठेवली. त्यानं तांब्यातलं पाणी पुडीवर शिंपडलं आणि मग उचलली. रोग त्याच्या अंगात, विटाळ माझा. मी "येतो मालक" म्हणून निघालो. दर आठवड्याला असंच.

पथकाच्या डॉक्टरला सांगितलं. तेव्हा त्याला साहेब म्हणायचो, आता 'तो' पुरे. तो म्हणाला, "मोठा माणूस आहे. सांभाळून घ्यावं लागतं."

मोठ्या माणसाची गरज त्याला बरोबर कळायची. शेतात निंदणाऱ्या बायका म्हणायच्या, रोजी बुडते, संध्याकाळी गोळ्या द्या. तिथं नियम. आंधळा म्हातारा चाचपडत यायचा. तिथंही नियम. आणि रोग्याला शिवायचं नाही, गोळ्या वरून सोडायच्या. मीही सोडायचो. सराईतासारखा.

अनुसयाबाई आमच्याच समाजाची. बोटं आखडलेली, बधिर. ओंजळीत फटी राहायच्या. एकदा गोळ्या त्यातून धुळीत पडल्या. बोटांनी उचलता येईनात, म्हणून ती वाकली आणि ओठांनी उचलू लागली.

"कोंबडीसारखी टिपते बघ," डॉक्टर खुर्चीतून म्हणाला.

मी हसलो. साहेब हसला म्हणून हसलो.

ती उठली. ओठांना माती.

"बाबू, माह्या बापाले पानी असंच वरून वाढत होते. त्यायचं समजते मले. तू कायले वरून सोडून राह्यला?"

गोळ्या थुंकून ती निघून गेली. परत आली नाही.

पुढच्या खेपेला जमीनदारानं तांब्या उचलला, तशी मी दगडावरची पुडी उचलून खिशात घातली.

"काय करून राह्यला बे?"

"लिंबाखाली या. रांगेत बसा. तिथं हातात देतो."

"तुही नोकरी खाऊन टाकीन."

"खा. तिच्यावरबी पानी शिंपडून घ्या."

माझी रिसोडला बदली झाली. जायच्या आधी गोळ्या घेऊन अनुसयाबाईच्या घरी गेलो. ती दाराकडं पाठ करून भाकर थापत होती. वळली नाही.

"ओट्यावर ठेव. हातात नको देऊ."

जमीनदाराचेच शब्द. या खेपेला ते मी कमावले होते.

रिसोडपासून निवृत्तीपर्यंत कुणाच्या ओंजळीत मी वरून काही सोडलं नाही. ज्याला संध्याकाळी जमे, त्याला संध्याकाळी. ज्याला दिसत नसे, त्याच्या घरी. प्रत्येकाच्या तळहातावर तळहात टेकवून. वरिष्ठांच्या नोटिसा आल्या, त्या आल्या तशा पडून राहिल्या. यात मोठेपणा नाही. माणसाच्या ओंजळीवर ज्याचा हात अधांतरी राहतो, त्याला मी आजही साहेब म्हणत नाही.

पण त्या दिवशी, त्या ओट्यापाशी, "मावशी, माफ कर" एवढंच म्हणायला गेलो होतो.

म्हणालो, "जेवल्यावर घेजो."