योहानचा खर्ज

फोन आला तेव्हा मी तळोद्याच्या बसस्टँडवर केळी घेत होतो. आमचे पाळकसाहेब बोलत होते. "गुरुजी, योहान गेला. शेतावरून आला, पाणी मागितलं, आणि खाटेवर बसल्या बसल्याच..." केळी तिथंच ठेवून मी नवापूरची गाडी पकडली. गाडीत मनात पहिल्यांदा जे आलं ते इथं लिहितो, कारण ते लपवून योहानबद्दल लिहिणं म्हणजे शुद्ध लबाडी होईल. मनात आलं, आता लोक माझं गाणं ऐकतील. पन्नास वर्षांपासूनचा मित्र गेला आणि मला हे सुचलं. पुढं रडूही आलं, पुष्कळ आलं. पण आधी हे आलं.

आमचं गाव गुजरातच्या हद्दीला टेकलेलं. चर्चमध्ये आम्हा बारा पुरुषांची गायनमंडळी. स्तोत्रं चार आवाजांत गायची, ही जुन्या पाळकांनी लावलेली शिस्त. वरची ओळ माझी, पेटी माझी, शिकवायचं मी आणि रागवायचंही मीच. शाळामास्तरकीत जन्म गेला, रागवायला वेगळं शिकावं लागलं नाही. योहान सगळ्यात खाली, खर्जात. वहीतली एक खूण त्याला कळत नसे. मी त्याची ओळ तीनदा म्हणून दाखवायची, त्यानं मान खाली घालून ऐकायची, आणि चौथ्यांदा ती अशी लावायची की मी पेटीचा भाता दाबायचा विसरून जाई. मेहनत माझी आणि फळ त्याचं, हे माझं तेव्हापासूनचं गाऱ्हाणं.

पेटी बाजूला असल्यामुळे ऐकणाऱ्यांची तोंडं मला नीट दिसत. पहिल्या कडव्याला माणसं सैल असत. कुणी पोराला दटावतंय, कुणी चष्मा पुसतंय. मी माझी ओळ जीव तोडून म्हणत असे तरी ते पुसणं काही थांबत नसे. मग खालून योहान लागायचा. बायका पदर डोक्यावर ओढून घेत. पोरं बाकाला तळहात टेकवत, कारण बाक थरथरे. डोंगरातला एक म्हातारा, आमच्या धर्माचा नव्हे, बाजाराला जाता जाता दारात थबकला होता. गाणं संपल्यावर तो डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवून सरळ आत आला, योहानच्या छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "आता म्हण." योहान लाजला, पण म्हणाला. म्हातारा हात न काढता ऐकत राहिला... मी पेटी बंद करून पाठ फिरवली.

उपासना झाली की दाराशी सलाम करायची आमच्यात रीत आहे. माणसं ओळीनं येतात, हातात हात देतात. माझ्यापाशी "छान झालं हं गुरुजी" म्हणून पुढं सरकत आणि योहानचा हात मात्र दोन्ही हातांत धरून ठेवत. नंदुरबारला गावोगावच्या गायनमंडळ्यांचा मेळावा भरायचा. तिथं शहाद्याचा एक कापसाचा व्यापारी केवळ ऐकायला म्हणून आला होता. मी शेजारी उभा असताना तो योहानला म्हणाला, "काय आवाज शे भो तुन्हा! मन्हा आंगवर काटा उना." आणि हात मोकळे करायला त्यानं चहाचा रिकामा कप माझ्या हातात दिला. तो कप धरून मी किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

पुढच्या वर्षीच्या मेळाव्यात मी हलकटपणा केला. आमचं मेळाव्यातलं स्तोत्र नेहमी काळी एकच्या पट्टीत असायचं. मी गुपचूप पांढरी तीन धरली. पट्टी चढली की योहानच्या खर्जातली खोली जाते आणि माझा आवाज उघडतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. तसंच झालं. टाळ्या पडल्या, दोघातिघांनी माझा हात धरला. फक्त मागच्या बाकावरची एक म्हातारी आपल्या सुनेला म्हणाली, "यंदा पोटात नाही उतरलं." परतताना जीपमध्ये योहान म्हणाला, "गुर्जी, आज पट्टी वर होती ना?"

"असेल. का?"

"तुझा गळा मस्त सुटला. अशीच धरत जा."

त्यानं टोमणा मारला असता तर मी भांडून मोकळा झालो असतो. पण त्याला टोमणा मारता यायचाच नाही. त्यानंतर मी पुन्हा काळी एकवर आलो आणि सांगायचं मात्र राहून गेलं. आज सांगू, नाताळानंतर सांगू... असं करत वर्षं गेली. दफनाच्या वेळी आम्ही अकरा जण गायलो. वरची ओळ मी अगदी चोख म्हटली, आणि सगळे लोक खालच्या रिकाम्या जागेकडे कान लावून उभे होते. तो शवपेटीत निजला होता तरी मला त्याचा हेवा वाटला. वाटला तो वाटलाच.

परवा संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. रूथवहिनी गोठ्यात होत्या, चरवी घेऊन म्हशीपाशी बसलेल्या. "ते गेल्यापासून ही पान्हा सोडत नाही," त्या म्हणाल्या. "धार काढताना ते म्हणायचे ना. चर्चमधली ओळ."

"त्याची खर्जाची?"

"नाही हो, तुमची. वरची. म्हणायचे, गुर्जीची ओळ खरं गाणं आहे, माझी नुसती जमीन."

इतकी वर्षं तो माझी ओळ गात होता आणि ऐकायला होती एक म्हैस. मला तिचाही हेवा वाटला. वहिनी म्हणाल्या, "म्हणा ना तुम्ही." मी म्हटलं, माझ्या पट्टीत, चांगलं म्हटलं. म्हशीनं कानसुद्धा हलवला नाही. "ते खाली म्हणायचे," वहिनी म्हणाल्या. मी खाली आलो, अजून खाली आलो, जिथं माझा आवाज नुसता खरखरतो तिथवर. म्हशीनं मान वळवली. चरवीत धार वाजली. ती मला ऐकत नव्हती हे मला कळत होतं, तरी मी म्हणत राहिलो, आणि एका कडव्याच्या शेवटी थांबून बोलून टाकलं, "वहिनी, त्या वर्षी नंदुरबारला पट्टी मी मुद्दाम चढवली होती."

त्यांनी वर पाहिलं नाही. "त्यांनी सांगितलं होतं मला, त्याच दिवशी घरी आल्या आल्या," त्या म्हणाल्या. "म्हणा गुरुजी. थांबलात की ती दूध चोरते."