पक्का जी

चंदीगडमधल्या मनीमाजऱ्याच्या बाजारात सहलींची तिकिटं काढून देणारा एक माणूस आहे. नाव मी कधी विचारलं नाही. भाजीला गेलो की त्याच्या पंख्याखाली टेकतो. काहीही विचारा, कानामागचं पेन काढून तो टेबलावर ठोकतो आणि म्हणतो, "पक्का जी." गाडी वेळेवर सुटेल? पक्का जी. जेवण शाकाहारी? पक्का जी. मला चीड येते त्याची, पण बरंही वाटतं.

माझा मुलगा आणि सून दोन्ही नातवंडांना घेऊन केरळला निघालेत. समुद्राकाठी तेलाची मालिश, योग, आराम. तब्येतीची सहल म्हणे. मलाही चला म्हणाले. मी म्हटलं, "मला काय धाड भरलीय? तेल मी घरीच लावतो."

काल मुलासोबत त्या तिकीटवाल्याकडे गेलो. तो खोलीचा फोटो दाखवत होता. दारापुढेच पोहण्याचा तलाव, त्याला कठडा नाही. आमची नात अजून दुडूदुडू चालते. मी विचारलं, "ये दोनों तेल में पड़े रहेंगे, तब बच्चों को कौन देखेगा?"

त्यानं पेन काढलं, पण ठोकलं नाही. फोटोकडे बघत राहिला.

"बाऊजी, इसका पक्का नहीं बोलूँगा."

मी फोटो ओढून घेतला आणि तो तलाव पुन्हा पाहिला. मुलगा हसला, "बाबा, तुम्ही उगाच घाबरता."

"मी कुणाला घाबरत नाही," मी म्हणालो, आणि त्या माणसाकडे वळलो. "मेरा भी टिकट निकालो."

"पक्का जी." पेन टेबलावर वाजलं.

मला पोहता येत नाही, हे मी दोघांनाही सांगितलं नाही.