वाढवलं

चूक माझीच. आमचा दोरे-बटणांचा घाऊक धंदा. दुकानदारांकडून मोबाइलवर माहिती भरून घ्यायचा पहिला फॉर्म मी हौसेने तयार केला. त्यात विचारलं, ‘यंदा दुकान वाढवलं का?’ ‘हो’ म्हणणाऱ्याला आपोआप अभिनंदनाचा मेसेज जावा, अशीही सोय केली.

पहिलंच ‘हो’ शोभाताईंचं आलं. पडद्यावर हिरवी खूण उमटली आणि मी खूश झालो. तेवढ्यात त्यांचा फोन आला.

“भाऊ, कायमचं वाढवलं हो. हे गेल्यावर कोण बसणार दुकानात? आणि तुम्ही अभिनंदन धाडता?”

दुकान बंद केलं, असं आपण म्हणत नाही. बांगडी फुटली तरी वाढवली म्हणतो. अशुभ तोंडी येऊ नये म्हणून मोडण्यालाच वाढणं म्हणत आलो. त्याने मोडलेलं काही सांधत नाही. त्यांना आडोसा होता तो या एका शब्दाचा, आणि तोही मी काढून घेतला.

फॉर्ममधला प्रश्न मी बदलला. त्यांच्या नावापुढची हिरवी खूण अजून तशीच आहे. शेवटी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

“ताई, माफ करा. तुमचे यजमान गेल्याचं मला फॉर्म भरून घेतल्यावर कळलं.”