साडूंची दुसरी नोकरी

रविवारावर मनापासून राग धरणारा माणूस अख्ख्या रत्नागिरीत एकच आहे, आणि ते म्हणजे आमचे साडू. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे यजमान. शिक्षण संपताच मासळी गोठवण्याच्या एका कारखान्यात ते सुपरवायझर म्हणून लागले आणि केस पांढरे होईस्तोवर तिथेच मॅनेजर झाले. सहा दिवस कारखाना सांभाळायचा आणि सातव्या दिवशी तो बंद आहे या विचाराने बेचैन व्हायचं, असा त्यांचा क्रम. मग रविवारी जे हाताला लागेल त्याचं व्यवस्थापन. घरच्या फ्रिजमध्ये त्यांनी थर्मामीटर टांगला होता. कुणाच्याही लग्नात पंगत बसली की हे वाढप्यांच्या मागे उभे राहून वरण कुठे अडलंय ते बघत; एकदा तर मुलीकडचे त्यांना मुलाकडचे समजले आणि मुलाकडचे समजले केटरर. मासळीबाजारात पापलेटाचे कल्ले उचलून "बर्फ कधी घातलात?" अशी चौकशी सुरू केली, तेव्हा विकणारी बाई शांतपणे म्हणाली, "काका, मासा घ्या, नायतर ही टोपली घ्या नि तुम्हीच विकायला बसा."

मागच्या वर्षी मालकांनी कारखाना विकला. नव्यांनी आपली माणसं आणली आणि साडूंना शाल-श्रीफळ मिळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सवयीने इस्त्रीचा शर्ट घालून कोपऱ्यावर जाऊन उभे राहिले. कंपनीच्या बसचा ड्रायव्हरही सवयीने थांबला. हे चढले, नेहमीच्या जागेवर बसले आणि ‘साहेब, तुम्ही आता नाही’ असं म्हणायचा बसमधल्या कुणाला धीर झाला नाही. गेटवर वॉचमनने सलाम केला तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं. त्याच्याबरोबर चहा घेतला आणि रिक्षाने परत आले. मला हे त्यांनीच हसत हसत सांगितलं, पण सांगताना बाहीचं बटण सारखं काढत-घालत होते.

पन्नाशी उलटलेल्या मॅनेजरला नोकरी शोधता येते, पण मागता येत नाही. मुंबईच्या एका कंपनीने मोबाइलवर मुलाखत घेतली. पलीकडच्या मुलाने विचारलं, "तुम्ही स्वतः काय केलंत?" हे म्हणाले, "आम्ही नवं शीतगृह उभारलं."

"आम्ही म्हणजे कोण?"

"सगळेच."

"त्यात तुम्ही काय केलंत?"

साडूंनी बराच विचार केला. "मी होतोच की तिथे."

कळवतो म्हणाले, ते काही कळवलं नाही. असं आणखी दोन-चार ठिकाणी झालं आणि साडू गप्प गप्प राहू लागले. "फ्रिज उघडून बघणंसुद्धा सोडलंय यांनी," ताईंनी माझ्या बायकोला फोनवर सांगितलं. ते ऐकून आम्ही खरे घाबरलो.

आणि मग देवरूखजवळच्या एका आंबा-काजूच्या कारखान्यातून बोलावणं आलं. "मी मासळीतला माणूस, आंब्यात मला कोण विचारतो?" म्हणून साडू हलेनात. शेवटी मी गाडी काढली आणि ताईंनाही बरोबर घेतलं. मालकीणबाई चाळिशीतल्या, ऑफिस लहान, दार उघडं. आम्ही बाहेरच्या बाकावर होतो, आतलं सगळं ऐकू येत होतं. पुन्हा तेच, आम्ही हे केलं, आम्ही ते केलं. मी मनात म्हटलं, गेली ही पण. तेवढ्यात बाईंनी विचारलं, "तुमच्यातला एखादा दोष सांगा."

साडू म्हणाले, "तो मला कसा दिसणार? आमची मंडळी बाहेर बसल्येय, तिला विचारा."

बाईंनी खरंच ताईंना आत बोलावलं. ताई पदर सावरत म्हणाल्या, "दोष एकच. कामावरचं कोणी अडचणीत असलं की यांना घर आठवत नाही. एक बाई बाळंत व्हायची होती, नवरा तिचा बोटीवर. हे जाऊन बसले दवाखान्यात. आणि त्याच दिवशी आमच्या मुलीला बघायला पाहुणे आलेले. मी काय सांगायचं त्यांना?"

"मग काय सांगितलंत?"

"जे खरं ते. तेच आवडलं त्यांना. जावई झालाय तो आता."

बाई हसल्या. "हंगामात आमच्याकडे आजूबाजूच्या गावांतून पुष्कळ बायका कामाला येतात," त्या म्हणाल्या. "यंत्रं समजणारे मला मिळतात हो. तुम्ही कधीपासून येताय?"

परतीच्या वाटेवर साडू रस्त्याकडेची आंब्याची कलमं मोजत होते. घाट उतरल्यावर म्हणाले, "साडू, आंब्याचा रस किती अंशावर ठेवतात, माहीत आहे तुम्हाला?" मला माहीत नव्हतं, पण इतकं बरं वाटलं की मी उगीच हॉर्न वाजवला.

देवरूखला त्यांनी खोली घेतलीय, शनिवारी घरी येतात. पहिल्या सोमवारी पहाटेच्या एसटीला आम्ही त्यांना सोडायला गेलो होतो. नवी बॅग मांडीवर घेऊन ते खिडकीशी बसले, आणि कंडक्टरला गाडी वेळेवर सुटते की नाही ते विचारू लागले. बस वळून दिसेनाशी झाली तरी ताई तिथेच उभ्या. मी म्हटलं, "चला ताई, येतील शनिवारी."

"ते नाही हो," त्या म्हणाल्या. "ते पहिल्या नोकरीला लागले तेव्हा आमचं लग्न व्हायचं होतं. नव्या कामाला जाताना कसे दिसतात, ते आज बघितलं."