उन्हातला राजा

तो कागद मी लिहिला होता. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. घरी नाही, शाळेत नाही, देवळात कौल लावायला बसलो तेव्हा देवालासुद्धा नाही. पण कागद कसला आणि त्यावरून काय झालं हे सांगायचं तर आधी ते गृहस्थ तुमच्यापुढे उभे करायला हवेत. त्यांचं नाव मी घेणार नाही. त्यांची माणसं अजून आहेत.

ते मुलांपुढे उभे राहत आणि खांद्यावरचा पंचा दोन्ही हातांनी तोंडावर धरत. पंच्याआडून आवाज येई, "पोरांनू, मी आता नाय हां." मग पंचा खाली येई आणि तिथे राक्षस असे. रंग नाही, मुखवटा नाही, नुसता चेहरा. भुवया कुठल्या कुठे गेलेल्या, खालचा ओठ पुढे आलेला. पहिलीतली पोरं एकमेकांच्या अंगावर पडत. पुन्हा पंचा वर, पुन्हा खाली, आणि राक्षसाच्या जागी एक राणी, मान किंचित कलती, डोळे जमिनीकडे.

मी मसुऱ्याच्या अलीकडे एका खाडीकाठच्या प्राथमिक शाळेत मास्तर होतो. पन्नास साल उलटून थोडीच वर्षं झाली होती. भात कापून झालं, वाटा सुकल्या की हे डोक्यावर पत्र्याची ट्रंक घेऊन साकवावरून, म्हणजे ओढ्यावरच्या लाकडी पुलावरून, येताना दिसत. मुलं पाटीवरची पेन्सिल तशीच ठेवून खिडकीशी जमत. "सोंगावालो इलो" एवढं एक वाक्य झालं की त्या दिवसाचं गणित संपलं असं मी समजत असे.

त्यांची उमर दशावतारात गेली होती. दशावतार तुम्ही पाहिला असेल, तर त्यात लिहिलेलं नाटक नसतं हे तुम्हांला ठाऊक असेल. संध्याकाळी कंपनीचा मालक कथा सांगतो, कोण राजा, कोण राणी ते ठरतं, आणि बोलणं ज्याचं त्याने रंगमंचावर उभं राहून तिथल्या तिथे करायचं. हे राणीचं काम करत. पुढचे दात गेले, गुडघे गेले, आणि मालकाने त्यांना सामानाच्या गाडीबरोबर यायला सांगितलं तेव्हा ते घरी निघून आले. विचारलं तर मात्र म्हणत, "मालकाशी माजा वाकडा आसा." दातांचा विषय काढायचा नाही. काढलाच तर त्या दिवशी राक्षस तुमच्याकडे बघून बोलत असे.

शाळेत पडदा कुठून असणार? मी वर्गातला हिंदुस्थानचा मोठा नकाशा सुंभाला टांगून देई आणि त्याच्यामागे ते कपडे करत. कन्याकुमारीच्या खाली त्यांचे पाय दिसत. "राजा लंकेत उभो आसा," असं एक पोर म्हणालं, तर नकाशामागून उत्तर आलं, "लंकेत नाय रे, समुद्रात. लंकेत जागा नाय गावली."

शाल एकच. डोक्यावरून घेतली की राणी, एका खांद्यावर टाकली की राजा, कमरेला बांधली की राक्षस. शाळेच्या बाकावर ताल धरून गायचे तेही तेच. त्यांना वाईट वाटे ते एकाच गोष्टीचं. खेळ उन्हात करावा लागे. "राती बत्तीच्या उजेडात मी राणी होतंय मास्तरांनू. हय उन्हात राणी होवक गेलंय की म्हातारो दिसता." ते खोटं नव्हतं. दुपारच्या उन्हात गालावरचा सफेता सफेताच दिसे आणि त्याखालच्या सुरकुत्याही. मी म्हटलं, पोरांना दिसत नाही. ते म्हणाले, "पोरांका दिसता. पोरां सांगणत नाय."

खेळ झाला की मुलं घरून आणलेले मूठभर तांदूळ, कुळीथ त्यांच्या पंच्यात टाकत. "मूठ तुमची, पोट माजा," असं ते प्रत्येकाला म्हणत. मग मुलं पांगेपर्यंत विहिरीच्या कठड्यावर बसून राहत. त्या वेळी त्यांच्याशी बोललेलं त्यांना आवडत नसे. चेहरा असा रिकामा, की हाच माणूस आत्ता राजा होता यावर कोणाचा विश्वास बसला नसता. एकदा मी चहा घेऊन जवळ गेलो तर स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "पोरां घराक जातत. माका खंय जावचा ता लगेच आठवणा नाय." त्यांना मूलबाळ नव्हतं. घरी बायको होती, ती शेजाऱ्यांची भातं कांडायची. पावसाळ्यात खाडीवरच्या होड्या बंद, शाळांच्या वाटा बंद. ते चार महिने दोघांनी तिच्या कांडपावर काढायचे.

मग एका वर्षी वरून हुकूम आला. शाळेत बाहेरच्या कोणाचा खेळ करायचा तर त्याचा मजकूर आधी लिहून दिपोटीसाहेबांना द्यायचा. मजकूर खेळ करणाराचा स्वतःचा असावा आणि बोधपर असावा. दिपोटी म्हणजे शाळा तपासायला येणारे अधिकारी. आमच्या तपासणीच्या दिवशीच ते एक खेळ समोर बसून बघणार होते आणि मग तालुक्यातल्या सगळ्या शाळांना परवानगी द्यायची की नाही ते ठरवणार होते. म्हणजे यांची सगळी रोजी त्या एका दुपारवर होती.

"माका लिवक जमणा नाय," ते म्हणाले. "सांगतंय मी, पण दोनदा एकसारखा सांगूक येणा नाय."

मी म्हटलं, मी लिहितो. यात मला त्यांची कणव वाटत होती हे खरं, पण तेवढंच नव्हतं. मला लिहिण्याची हौस होती. आणि मला त्या वर्षी हेडमास्तरकी हवी होती. साहेबांच्या हातात चांगला कागद पडला तर बरं, हा हिशेब मनात होता. मी एक नाटुकलं रचलं. निरक्षर राजा, त्याचा अंगठा फसवून घेणारा राक्षस, आणि शेवटी साक्षरतेवर राजाचं लांबलचक भाषण. "हे प्रजाजनहो" ने सुरू होणारं. खाली मी लिहिलं, "कलाकाराने सांगितल्याप्रमाणे उतरवून घेतले." मास्तराने परवानगीवाचून नाटक लिहिलं असा बोभाटा नको, म्हणून. त्यांना ती ओळ वाचून दाखवली नाही.

शाळा सुटल्यावर पडवीत मी त्यांच्याकडून ते पाठ करून घेई. ते ऐकत आणि मध्येच थांबवत.

"मास्तरांनू, तुमच्या राजाक सही येणा नाय?"

"नाही."

"मग तेचो दिवाण काय करता?"

"दिवाण नाही यात."

"दिवाण नाय, राणी नाय, राजा आपलो एकटोच. तरीच राक्षसाक गावलो."

मी चिडलो की ते मुकाट्याने पाठ म्हणायला लागत. पण दुसऱ्या दिवशी तेच वाक्य वेगळंच निघे. "शिळी पेज गोड लागता मास्तरांनू," ते काकुळतीला येऊन म्हणत. "शिळा बोलणा घशाखाली जाणा नाय." मी सांगितलं, साहेबांच्या हातात कागद असेल, अक्षर इकडचं तिकडे होता कामा नये. त्यांनी मान हलवली. त्यांना भीती वाटत होती हे मला दिसत होतं. तरी मी माझं भाषण कापलं नाही.

तपासणीच्या दिवशी दिपोटीसाहेब फणसाखाली खुर्चीवर बसले. मांडीवर कागद, हातात तांबडी-निळी पेन्सिल. सुरुवात तर चांगली झाली. हे शब्द न् शब्द म्हणत होते. पेन्सिल ओळीखालून सरकत होती. मी पहिल्यांदाच त्यांना इतकं वाईट काम करताना पाहत होतो. मुलं चुळबुळ करत होती.

राजाचं वाक्य आलं, "मला अक्षरे येत नाहीत, ही माझी लाज आहे." आणि पुढच्या रांगेतून एक मुलगी म्हणाली, "राजानू, माका पण येणत नाय."

ती माझ्या वर्गातली. नापास होत होत दुसरीतच मुरलेली. मी तिच्याकडे पाटी मागणंही सोडून दिलं होतं.

दशावतारात समोरच्या माणसाने राजाला हाक मारली तर राजाने ओ द्यायलाच हवी. तसं न करणं त्यांना ठाऊकच नव्हतं. ते थांबले, तिच्याकडे बघितलं आणि त्यांचा आवाज जाग्यावर आला.

"तुका पण येणत नाय? बरा झाला. माका वाटला, मी एकटोच."

मुलं हसली. राजा खाली मातीत मांडी घालून बसला, बसताना गुडघे वाजले, मुलं आणखी हसली. "चल गो, आपण दोघां गिरवूया." मुलीने बोटाने मातीत ग काढला. उलटा. राजाने तिच्या शेजारी ग काढला, तसाच उलटा. दोघांनी एकमेकांचे ग बघितले. मग राजा मागे वळून राक्षसाच्या दिशेने, म्हणजे कोणीच नव्हतं तिकडे, बघून हळूच म्हणाला, "जावंदे. राक्षसाक आता वाचूकच येवचा नाय."

ती मुलगी शाळेत मोठ्याने हसलेली मी त्या दिवशी पाहिली. पुढे ती अक्षरं शिकली असं मी सांगू शकलो असतो तर बरं झालं असतं. ती शिकली नाही.

दिपोटीसाहेब कागदाचं पान उलटून पुढे बघत होते, पुन्हा मागे येत होते. मग त्यांनी पेन्सिलीने खुर्चीच्या हातावर ठोकलं.

"हे कुठे आहे यात?"

हे उठून उभे राहिले.

"लिहून एक द्यायचं आणि मुलांपुढे दुसरंच बोलायचं. उद्या काय वाटेल ते बोलाल. ही फसवणूक झाली."

"साहेबांनू," ते म्हणाले, "तो कागद माजो नाय. म्हणजे, तो मास्तरांनी..." आणि माझ्याकडे बघितलं. तक्रार म्हणून नव्हे. मास्तर नीट सांगतील, आपल्याला शुद्ध बोलता येत नाही, अशा भरवशाने.

साहेब माझ्याकडे वळले. "काय गुरुजी, हा मजकूर तुमचा?"

मी म्हटलं, "नाही साहेब. त्यांनी सांगितलं तसं मी उतरवून घेतलं. खाली लिहिलंच आहे."

आवाज माझा अगदी सरळ होता. मला तो अजून ऐकू येतो.

त्यांनी खांद्यावरच्या शालीच्या टोकाने डोळ्यांतलं काजळ पुसलं. उगाच, काजळ पसरलंच. "मास्तर म्हणतत ता खरा साहेबांनू," ते म्हणाले. "माज्याच लक्षात रवला नाय."

त्या दिवशी मुलांनी मुठी आणल्या होत्या, पण साहेबांनी वर्गात बसायला सांगितलं. ट्रंक डोक्यावर घेऊन ते साकवावरून गेले. तालुक्यातल्या शाळांना हुकूम गेला की यांचा खेळ होऊ देऊ नये. पुढल्या वर्षी मी हेडमास्तर झालो.

ते मला आणखी एकदाच भेटले, कुडाळच्या एस. टी. स्टँडवर. खाली जमेना म्हणून घाटावरच्या शाळा धरल्या होत्या, आंबोलीकडच्या. अंगावर दोन सदरे, वर तीच शाल. खोकत होते. त्या धुक्यात टिकणारा हा माणूस नव्हता.

"बरे आसास मां मास्तरांनू? पोरां बरी आसत?"

मी बरं आहे म्हटलं. मग काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, "तिकडे खेळ कोणता करता?"

"तुमचोच. राजाचो. पण दिवाण घातलंय मी तेका." ते हसले. दात आता कुठलेच नव्हते. "भाषण मातर काढून टाकलंय. रागावू नकात हां."

त्यांची गाडी लागली. मला त्या वेळी माफी मागता आली असती. मी त्यांची ट्रंक टपावर चढवून दिली आणि गाडी हलेपर्यंत उभा राहिलो, एवढंच.

ते गेल्याचं मला उशिरा कळलं. मी त्यांच्या गावी गेलो. पडवीत त्यांची बायको सूप घेऊन तांदूळ पाखडत बसली होती. मी कोण ते सांगितल्यावर तिने पाट दिला, गुळाचा चहा केला. ट्रंक भिंतीला होती. तिच्यात आता तिने कोंडा भरून ठेवला होता.

"तेंच्या तोंडाक कुलूप नाय होता मास्तरांनू," ती पाखडता पाखडता म्हणाली. "सायबाफुडे काय नको ता बोलले आणि आपल्याच पोटार पाय दिल्यानी. शाळा गेल्यो, मग त्या घाटार गेले, थंय छाती धरली. मी तेंका शेवटपर्यंत ह्याच बोलत रवलंय. भाकरी वाढताना पण बोललंय."

"ते काय म्हणत?"

"काय म्हणतले? म्हणत, होय गो, माजाच चुकला." तिने सूप खाली ठेवलं. "तुमका मातर कदी वायट बोलले नाय."

मी चहा प्यायलो. कप धुवायला उठलो तर तिने धुऊ दिला नाही. तिन्हीसांजेच्या आत निघायला हवं असं काहीतरी बोलून मी वाटेला लागलो.

त्याला काही वर्षं झाली. ती अजून त्याच घरात आहे, अजून कांडप करते, आणि तिला अजून वाटतं की नवऱ्याने आपल्या जिभेने आपलं वाटोळं केलं. हे मी इथे लिहिलं म्हणून काही फिटत नाही. तिला वाचता येत नाही. तिच्या पडवीत बसून मला तोंडाने सांगायचं आहे, की तो कागद माझा होता, खोटं मी बोललो होतो, आणि तुमच्या माणसाचं काही चुकलं नव्हतं. ते मी अजून सांगितलेलं नाही. तेवढं देणं आहे.